साडूची सफ

माझ्या साडूएवढा पक्का नमाजी आमच्या पिंजारी मोहल्ल्यात सोडा, सगळ्या नंदुरबारात झाला नाही, आणि त्याच्याएवढा आडमुठा माणूस अल्लाने पुन्हा घडवू नये. माझी बायको थोरली, त्याची धाकटी, म्हणजे नात्याने मी मोठा. हे त्याने जन्मात मानलं नाही. आम्ही दोघं एकाच दुकानात कापूस पिंजून गाद्या भरायचो. अजान झाली की हा सुई तशीच खोचून उठायचा, मग गिऱ्हाईक डोक्याशी उभं का असेना. एकदा एका लग्नघरच्या माणसाने आवाज चढवला, तर हा चपला घालता घालता म्हणतो, "गादीवर तू रातले झोपशी. मी जठे जाई ऱ्हायनू, तठलं काम आत्ताच शे." माणूस गादी न घेता गेला. दुकान दोघांचं होतं, पण मला विचारतो कोण?

मशिदीत गेला की तो इमामापेक्षा मोठा. सफ म्हणजे जमातीची रांग, खांद्याला खांदा आणि टाचेला टाच लावून उभं राहायचं. हा नमाजेची नियत बांधण्याआधी मान वाकवून आख्खी सफ बघणार, आणि कुणाची टाच बोटभर पुढे दिसली की वाकून पायजमा धरून मागे ओढणार. एकदा बदलून आलेल्या फौजदाराची पँट ओढली. तो दचकून म्हणाला, "कौन है?" हा म्हणतो, "सफमां फौजदार नही ऱ्हास. टाच मांगे ल्या." फौजदाराने निमूट टाच मागे घेतली. मिरचीच्या हंगामात सगळं गाव शिंकतं, पण हा नमाज संपेपर्यंत शिंक धरून ठेवायचा, डोळे लाल, मिशा थरथरतायत, आणि मग बाहेरच्या ओट्यावर येऊन अशा काही शिंका द्यायचा की खालून जाणाऱ्या रिक्षा थांबायच्या. अक्कलकुव्याहून मोलगीकडे गाद्या पोचवायला निघालो होतो तेव्हा घाटातच असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेची वेळ झाली. बस थांबेना. हा सीटवरच पश्चिमेला तोंड करून बसला. बस डावीकडे वळली की हा उजवीकडे फिरणार, बस उजवीकडे तर हा डावीकडे. शेवटी एका वळणाला शेजारच्या बाईच्या मांडीवरच्या कोंबड्यांच्या टोपलीत डोकं टेकून त्याचा सजदा झाला. बाई हसून हसून रडली. कंडक्टर म्हणाला, "चाचा, तिकीट एका सीटचं काढलंय, फिरता सगळ्या बसभर." ह्याने ऐकलंच नाही. नमाज पुरी केली आणि दाढीतलं पीस काढलं.

मी त्याला एकदा विचारलं, पाच-पाच वेळा जातोस, मागतोस तरी काय एवढं? तो म्हणाला, "मागाले नही जात मी. हजेरी लावाले जास." मला ते पटलं होतं. माझ्यासारख्या चौथी शिकलेल्याला जन्मभर पुरेल एवढं त्यात होतं. म्हणून पुढचं जास्त लागलं.

माझे गुडघे गेले. डॉक्टरने खाली बसायला मनाई केली, इमामाने खुर्चीची परवानगी दिली. मी घरची लाल खुर्ची नेली आणि नेहमीच्या जागी, त्याच्या डाव्या हाताला ठेवली. त्याने खुर्ची बघितली, मग मला, आणि भरल्या जमातीत म्हणाला, "अल्लाना दरबारमां खुर्ची टाकीसन बसस? तठला मामलेदार शे का तू?" लोक हसले. वर म्हणतो, सफ वाकडी होते, खुर्ची मागच्या भिंतीला ने. ज्याने माझ्यासोबत उकिडवं बसून बसून गुडघे झिजवले, तो हे बोलला. मी खुर्ची उचलली, मागच्या भिंतीला लावली, आणि त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. मशिदीत जायचं नाही टाकलं. मशीद त्याच्या बापाची नव्हती. माझी बायको गेली तेव्हा त्याने जनाजाला मशिदीपासून कब्रस्तानापर्यंत खांदा दिला, कुणाला पालटू दिलं नाही. मला मात्र एक शब्द दिला नाही. मीही मागितला नाही. मोहल्ल्यातले चार शहाणे समजवायला आले, त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

मग तो नमाजेआधी वजूला हातपाय धुताना नळाशी घसरला आणि कंबरेचं हाड मोडलं. कित्येक महिने घरात. शुक्रवारी, जुम्म्याला, त्याची जागा दुसऱ्याने धरली, आणि सफ जराशी वाकडीच उभी राहायची. कुणी टाच ओढत नव्हतं. मला बरं वाटायला पाहिजे होतं.

एका जुम्म्याला तो काठी टेकत आला. पुढच्या सफेकडे बघत दारातच उभा राहिला. मग भिंत धरून मागे आला, माझ्या उजव्या हाताला मशिदीने म्हाताऱ्यांसाठी ठेवलेल्या रिकाम्या खुर्चीवर बसला. मी समोर बघितलं, त्याने समोर बघितलं.

तेव्हापासून दर जुम्म्याला आम्ही तिथेच. नमाजेच्या शेवटी आधी उजवीकडे, मग डावीकडे मान वळवून सलाम फेरतात. फरिश्त्यांना असतो आणि शेजाऱ्यालाही असतो, असं इमाम सांगतो. पण सगळे एकाच बाजूला वळतात, म्हणून उजवीकडे वळलो की मला त्याची मान दिसते आणि डावीकडे वळलो की त्याला माझी. दोन म्हातारे, एकमेकांच्या मानेला सलाम करणारे.

मागच्या जुम्म्याला पहिला सलाम झाला आणि मी मान डावीकडे वळवलीच नाही. उजवीकडेच बघत राहिलो. तो डावीकडे वळला. त्याचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं, ओठ हलत होते, आणि "अस्सलामु अलैकुम" म्हणताना जराही अडला नाही. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुआ झाली. काठी शोधत शोधत तो समोरच्या खांबाला म्हणाला, "म्हातारा व्हयना, पण ह्याले मान कव्हय फिरावनी, तेबी आजून समजत नही."

मी काठी त्याच्या हाताजवळ सरकवली. येत्या जुम्म्याला मी मान फिरवायला पुन्हा उशीर करणार आहे.