न घातलेली झबली

माझ्या आईचा एक नियम होता. बाळ जन्माला येईपर्यंत त्याच्यासाठी नवं काही घरात आणायचं नाही. माझ्याआधीची तिची दोन लेकरं गेली होती. त्यातल्या एकासाठी आजोबांनी आधीच चांदीचे वाळे करून आणले होते, आणि ते त्याच्या पायात कधी पडलेच नाहीत. तेव्हापासून हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं. बाळाला पहिले कपडे घालायचे तेही उतरलेले, आणि ज्या घरात लेकरं जगली-वाढली अशाच घरचे.

सातव्या महिन्यात मी माहेरी आले तेव्हा हा नियम आमच्या सोयीचाच पडला. माझा नवरा पांढरकवड्याला ट्रकच्या गॅरेजात वेल्डिंग करायचा. हायवेवर उड्डाणपूल झाल्यापासून ट्रक वरच्या वर निघून जात होते. मालक कधी अर्धा पगार द्यायचा, कधी पुढच्या आठवड्यावर ढकलायचा. नवं घ्यायची ऐपत नव्हती आणि आई नवं घेऊ देत नव्हती, त्यामुळे कोणाला कोणापुढे कमीपणा वाटायचं कारण उरलं नाही. नवऱ्याने भंगारातल्या पाइपांचा एक पाळणा मात्र जोडून ठेवला होता. फोनवर त्याचा फोटो पाठवला. आई म्हणाली, "जवाईबापूले सांग, तिकडंच राहू द्या. इकडं आनू नका आताच."

आमचं गाव राळेगाव तालुक्यात. वडील गेल्यावर आईनेच शेत सांभाळलं. त्या वर्षी भाव यायची वाट पाहत कापूस समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत रचून ठेवला होता. आम्ही दोघी त्याच्या कडेला झोपायचो. दिवसभर अंग खाजायचं. त्याच ढिगातून आई ओंजळभर कापूस काढायची आणि आम्ही बसून हातानेच सरकी वेगळी करायचो, बाळाच्या गादीसाठी. वडिलांच्या धोतराचे तिने लंगोट फाडले. बाभळीचा डिंक स्वतः बांधावर फिरून गोळा केला, माझ्या बाळंतपणाच्या लाडवांसाठी. गोवऱ्या मोजून रचल्या. जुन्या लुगड्याची झोळी धुऊन ठेवली. हे सगळं जुनं, म्हणून चालायचं.

सरकी काढता काढता माझ्या लक्षात आलं की बोटं नीट वळत नाहीत. हातातल्या बांगड्या रुतायला लागल्या होत्या. पायातली जोडवी साबण लावूनही निघेनात, शेवटी आईने ती सुरीने फाकवून काढली.

"पहिलटकरनीले सूज येतेच," ती म्हणाली. शेजारच्या बायकाही तेच म्हणाल्या. उपकेंद्रातली नर्स स्वतःच बाळंतपणाच्या रजेवर गेली होती आणि तिच्या जागी अजून कोणी आलं नव्हतं. आशाताई गोळ्या देऊन गेली आणि म्हणाली, "राळेगावले जाऊन एकडाव बीपी पाहून घे वो." आम्ही जाणारच होतो. पण शेवटची वेचणी चालू होती, मजूर मिळत नव्हते, आणि आई म्हणाली, "सोमवारी जाऊ." तो सोमवारही गेला.

एक दिवस मी दळण घेऊन येत होते. मागच्या गल्लीतल्या एका बाईने मला दारातून हाक मारली. ती माझ्याहून थोडी मोठी, आमच्या गावात सून म्हणून आलेली. मी तिला वहिनी म्हणायचे, पण आमचं बोलणं फारसं नव्हतं. तिने मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि आतून एक गाठोडं आणलं.

"लहान लेकराचे कपडे हायेत. तुह्या आईनं त्या दिवशी आमच्या शेजारी मागतले, म्हनून मले समजलं. घेऊन जाय."

मी गाठोडं घेतलं. तिने ते देताना सोडायला जरा उशीर केला. मला एवढंच आठवतं.

घरी आईने गाठ सोडली. आत झबली होती, टोपडी होती, एक पिवळी कुंची होती. आईने एक झबलं उचललं, नाकाशी नेलं. डांबरगोळीचा वास होता. तिने गळा उलटून पाहिला, बंद ओढून पाहिले. बंदांना एकदाही गाठ मारलेली नव्हती.

"हे उतरलेले नाईत," ती म्हणाली. "हे कोनी घातलेच नाईत. कोनी देल्ले तुले?"

मी सांगितलं. आईने झबलं हातातून खाली टाकलं.

मग आईकडूनच मला कळलं. माझं लग्न होऊन मी पांढरकवड्याला गेले त्याच वर्षी त्या वहिनीचं बाळ गेलं होतं. दिवस भरत आले असताना, पोटातच. ती स्वतः यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात कितीतरी दिवस बेशुद्ध होती. परत आली ती रिकामी. त्यानंतर गावात कोणाची ओटी भरायची असली की तिला बोलावणं जात नव्हतं. कोणी तसं ठरवलं नव्हतं, पण जात नव्हतं.

"आत्ताच्या आत्ता वापस देऊन येतो," आई म्हणाली.

"नको माय. तिले काय वाटंल?"

"तिले काय वाटंल ते मी पाहू, का तुह्या पोटातलं पाहू?"

आमचं भांडण झालं. शेवटी गाठोडं घरात राहिलं नाही आणि परतही गेलं नाही. आईने ते गोठ्यातल्या खुंटीला टांगलं. सकाळी शेण काढताना ती त्या खुंटीकडे पाठ करून उभी राहायची.

त्यानंतर चार-पाच दिवसांत माझं डोकं दुखायला लागलं. साधं दुखणं नव्हतं. मानेतून वर चढायचं आणि कपाळावर बसून राहायचं. आरशात माझे डोळे बारीक झाले होते, चेहरा दुसऱ्याच कोणाचा वाटत होता. सूज येतेच म्हणणारी शेजारीण आली, माझ्याकडे पाहिलं आणि दारातूनच मागे फिरली. हे जास्त भीतीचं होतं. आई दर थोड्या वेळाने विचारायची, "लेकरू हलते ना?" हलत होतं. पण आधीसारखं नाही, जसं काही कोणी झोपेत कूस बदलावी तसं.

आईने दृष्ट काढली. मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या माझ्यावरून उतरवून तिने चुलीत टाकल्या. मिरच्या जळताना घरभर ठसका उठतो. आम्ही दोघी वाट पाहत बसलो. मिरच्या काळ्या झाल्या, राख झाली. कोणालाच खोकला आला नाही.

"पाह्य," आई हळूच म्हणाली. "वासच नाई आला." तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. रात्रभर तिने माझ्या पोटावरचा हात काढला नाही. मला त्या गाठोड्याची भीती वाटत नव्हती असं मी म्हणणार नाही. दुपारी कापसाच्या ढिगाकडे पाहिलं की त्यात पांढरे ठिपके पेटल्यासारखे चमकायचे. मी डोळे मिटायचे, तरी ते दिसतच राहायचे. हे मी आईला सांगितलं नाही. तिला सांगितलं असतं तर तिने आणखी मिरच्या जाळल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी तिने गोठ्यातलं गाठोडं काढलं आणि वहिनीकडे घेऊन गेली. तिथे काय झालं ते मला नंतर आईनेच सांगितलं. तिने गाठोडं ओट्यावर ठेवलं आणि म्हणाली, "हे राहू दे बाई तुह्यापाशीच. माह्या पोरीले हे आल्यापासून बरं नाई." वहिनीने गाठोड्याकडे पाहिलंही नाही. तिने एवढंच विचारलं, "बरं नाई म्हंजे काय होऊन राह्यलं?" आईने सूज सांगितली, डोकं सांगितलं. ते पुरतं सांगून व्हायच्या आत वहिनी अनवाणीच निघाली होती.

मी भिंतीला टेकून बसले होते. ती दारातून सरळ आत आली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि माझ्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"डोयापुढं चांदन्या चमकतात?"

"हाव."

"इथं दुखते?" तिने स्वतःच्या छातीखाली, बरगड्यांच्या मधोमध हात ठेवला.

"कालपासून. मले वाटलं पित्त झालं."

"ऊठ," ती म्हणाली. "आत्ताच."

तोवर आई धापा टाकत पोचली होती. तिने वहिनीचा दंड धरला. "तू माह्या घरात कायले आली? तुह्यानंच झालं हे सारं."

"शिव्या मंग दे काकू, जेवढ्या द्याच्या तेवढ्या दे," वहिनी म्हणाली. "मलेबी सगळे म्हनत होते, सूज येतेच. मीबी पित्ताची गोयी खाऊन झोपली होती. गाडी बोलाव पह्यले."

आईचा हात तिच्या दंडावरून गळून पडला.

ॲम्ब्युलन्सला फोन लावला, ती दुसऱ्या गावाला गेलेली होती. चौकात एक पिकअप कापूस भरून राळेगावला निघायच्या तयारीत होती. वहिनी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. ड्रायव्हर काही विचारायला लागला, पण मला येताना पाहून त्याने शेजारचं दार उघडलं. मला त्याच्या शेजारी बसवलं, वहिनी मला धरून दाराकडे बसली, आणि माझी आई, जी कधी कोणाच्या गाडीत फुकट बसली नव्हती, मागे कापसाच्या ढिगावर चढून बसली. रस्ता नेहमीचाच होता. तुरी पिवळ्या पडल्या होत्या, कोणी सायकलवर चारा नेत होतं. मला ते सगळं पाण्याखालून दिसल्यासारखं दिसत होतं. वहिनी पूर्ण वेळ मला बोलतं ठेवत होती. नवऱ्याचं गॅरेज कुठं आहे, पाळणा कोणत्या रंगाचा, असं काहीही. मी उत्तर द्यायला उशीर केला की माझा गाल थोपटायची.

राळेगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एका दंडाला पट्टा बांधून बीपी पाहिलं. मग न बोलता दुसऱ्या दंडाला बांधून पाहिलं. मग नर्सला हाक मारली, आणि त्या हाकेवरूनच मला कळलं. इंजेक्शन दिलं, ॲम्ब्युलन्स मागवली आणि यवतमाळला पाठवलं. वाटेतलं कळंब गेल्याचं मला आठवतं. त्यापुढचं माझ्यापाशी काहीच नाही. झटके आले होते असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. ते आईने पाहिलं, वहिनीने पाहिलं. दोघीही त्याबद्दल आजवर बोललेल्या नाहीत.

मी शुद्धीवर आले तेव्हा पोटाला टाके होते आणि उशाशी नवरा उभा होता. त्याच्या शर्टाला गॅरेजचं ग्रीस तसंच होतं. "मुलगी हाये," तो म्हणाला.

ती दीड किलोचीसुद्धा नव्हती. काचेच्या पेटीत ठेवली होती. आम्ही जमवलेलं काहीच तिच्या कामाला आलं नाही. लंगोट तिला गळ्यापर्यंत आला असता. गादी, झोळी, सगळं गावातच राहिलं. दवाखान्याची एक इवलीशी टोपी होती, तेवढीच तिच्या अंगावर.

काही दिवसांनी नर्सने सांगितलं, आता बाळाला पेटीतून काढून कोणीतरी उघड्या छातीशी धरून बसायला पाहिजे, त्याने ऊब मिळते, वजन धरतं. माझं बीपी अजून उतरत नव्हतं, मला उठू देत नव्हते. आईने पुढे होऊन हात केले, पण ते इतके कापत होते की नर्सने बाळ दिलंच नाही. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि वहिनीला विचारलं, "तुम्ही कोण?"

वहिनी गेलीच नव्हती. दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून राहत होती, आईसाठी चहा आणत होती. आई तो चहा पीत होती, पण तिच्याशी बोलत नव्हती.

त्या वेळी मात्र आईच बोलली. "आमचीच हाये," ती म्हणाली. "तिच्यापाशी द्या."

वहिनीने पदर घेतला, ब्लाउजचे हुक काढले आणि माझी मुलगी छातीशी घेतली. हे मला नवऱ्याने मोबाइलवर दाखवलं. ती डोळे मिटून बसली होती, अगदी स्थिर. मी ते पाहिलं आणि मला कृतज्ञता वाटायला हवी होती. ती वाटलीही, पण नंतर. आधी वाटलं, ही आता तिला परत देईल का? मी नवऱ्याला म्हटलं, "जाऊन पाहून ये." तो गेला, परत आला, म्हणाला, "बसूनच हाये." मी त्याला परत पाठवलं. रोज ती धरून बसायची आणि रोज वेळ झाली की उठून बाळ नर्सच्या हातात द्यायची, एक क्षणही जास्त न घेता. मी ज्या दिवशी पहिल्यांदा चालत तिथपर्यंत गेले, तिने मला खुर्चीत बसवलं, मुलीला माझ्या छातीवर ठेवलं, तिचं डोकं कसं वळवायचं ते दाखवलं आणि बाहेर निघून गेली. संध्याकाळच्या एसटीने ती गावाला परत गेली.

मुलगी आता अंगणवाडीत जाते. बारीक आहे, पण भांडकुदळ आहे. माझं बीपी राहिलंच. दुसरं लेकरू नको असं डॉक्टरांनी सांगितलं आणि आम्ही ते मानलं.

वहिनीला या वर्षी दिवस राहिले. तिने ते पुष्कळ दिवस कोणाला सांगितलं नाही. आईच्या नजरेला आलं तेव्हा आईने मला फोन करून एवढंच म्हटलं, "तू ये." आता मी दर पंधरवड्याला पांढरकवड्याहून राळेगावला येते आणि दवाखान्यात तिच्यासोबत रांगेत बसते. तिच्या घरात काहीच तयारी नाही, एक चिंधीही नाही, आणि आम्ही त्या विषयावर बोलत नाही. पिशवीत पाण्याची बाटली असते, आईने दिलेला डिंकाचा लाडू असतो.

गेल्या खेपेला नर्सने तिच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि म्हणाली, "थोडं वाढलेलं आहे. बसा, परत घेते."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने बाही सरळ केली आणि दुसरा हात पुढे केला.