तेच आयुष्य पुन्हा

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही अमेरिकेत, एडिसनला अपार्टमेंटमध्ये राहत होतो. मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत घरी येताना तिनं एका जर्मन तत्त्वज्ञावरचं पुस्तक आणलं. माणूस एकोणिसाव्या शतकातला. मेल्यानंतर त्याचं लिखाण हुकूमशहांनी वापरलं, म्हणून बदनाम. मत देण्याआधी वाचावं, म्हणून मी आधी त्याचं आयुष्य पाहिलं. चोविसाव्या वर्षी प्राध्यापक, चौतिसाव्या वर्षी डोकेदुखी आणि अधू डोळ्यांपायी निवृत्त, चव्वेचाळिसाव्या वर्षी बुद्धिभ्रंश, पुढची अकरा वर्षं आई आणि बहिणीच्या हाती. लग्न नाही.

"यानं संसाराबद्दल काय सांगावं?" मी म्हणालो.

"ही इज नॉट टेलिंग, बाबा. ही इज आस्किंग," मुलगी म्हणाली. "समजा हेच आयुष्य पुन्हा पुन्हा जगायचंय, फॉरेव्हर. काहीच चेंज करायचं नाही. हो म्हणाल?"

पोळ्या लाटता लाटता बायको हसली. "त्यापेक्षा आपली वटसावित्री बरी. सात जन्मांनी सुटका तरी आहे."

"म्हणजे तुझं उत्तर 'नाही'?" मुलीनं विचारलं.

"नवरा चालेल, सवय झालीय. पण या खिडकीतून पार्किंग लॉट बघत काढलेली तेरा वर्षं पुन्हा नकोत."

मी मनात वजाबाकी केली. आकडा बरोबर होता. पुण्यात ती शाळेत गणित शिकवायची. इथे आलो तेव्हा मीच म्हणालो होतो, मुलगी शाळेत रुळू दे, मग तुझ्या नोकरीचं बघू. मुलगी पहिल्या वर्षातच रुळली. बायकोनं विषय काढला नाही, म्हणजे तिला नको असेल, असं मी धरून चाललो. कारखान्यात माझं काम मापं तपासायचं; तिथं न तपासलेलं माप मी कधी पुढे जाऊ दिलं नसतं.

मुलीला मी 'हो' म्हणणार होतो. माझी तेरा वर्षं चांगली गेली होती. पण त्या होकारात बायकोचीही तेरा वर्षं जशीच्या तशी परत आली असती.

"अजून शिकवावंसं वाटतं?" मी विचारलं.

"आता विचारताय?" ती म्हणाली. मग तवा उतरवून, "वाटतं."

सोमवारी मी अर्धी रजा टाकली आणि आम्ही कम्युनिटी कॉलेजात गेलो. शिकवण्याच्या परवान्यासाठी इथले काही कोर्स करावे लागत. खिडकीवरून फॉर्म घेऊन मी पेन काढलं. तिनं दोन्ही माझ्या हातातून घेतली.

"मला लिहिता येतं," ती म्हणाली. "तुम्ही गाडीत बसा."