रुपाची रोजी, रामबाईची रोजी

रुपा मडावीला वादात हरवलेलं तिच्या गावात कोणी पाहिलं नव्हतं. सेवाग्रामच्या पुढचं तिचं गाव. रोज ती बसने वर्ध्याला जायची, एका खाजगी दवाखान्यात ठेकेदाराकडे चादरी धुवायच्या कामावर. किमान वेतनाचे नवे दर आले, तशी ती सगळ्या बायांना घेऊन सुपरवायझर निकेशसमोर उभी राहिली.

“ताई, पगार वाढला तं मानसं कमी करा लागतीन,” निकेश म्हणाला.

“मानसं कमी केल्यानं पेशंट चादरी कमी मळवतीन का, भाऊ?”

बाया फिदीफिदी हसल्या, निकेशलाही हसू आलं. पगार वाढला. घरी कोणालाच बसावं लागलं नाही. फक्त लग्न होऊन गेलेल्या अंजूची जागा भरली गेली नाही आणि तिच्या वाट्याच्या चादरी बाकीच्यांच्या अंगावर पडल्या. रुपाने गावात विजय तेवढा सांगितला, हे नाही.

तोच विजय श्रावणात दारी आला. वावरात कपाशीच्या पऱ्हाटीपेक्षा गवत उंच झालं होतं. निंदायला दरवर्षी रामबाईची टोळी यायची. रामबाई ओट्यावर बसली, तंबाखू मळत म्हणाली, “यंदा रोजी वाढवा लागन, रुपा.”

“परवडत नाई व मावशी. मंग मले बाया कमी लावा लागतीन.”

आत तिच्या नवऱ्याला, जंगूला, चहाचा ठसका लागला. “आपल्या घरात हा निकेश कधी घुसला?”

“त्याच्या मालकाचा ठेका हाय, आपलं दोन एकर हाय. बरोबरी काऊन करता?” रुपा तडकली, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“लाव ना कमी,” रामबाई म्हणाली. “गवत काई तुह्यासाठी थांबून नाई राह्यलं.”

रोजी वाढली, पण अर्ध्याच वावरापुरती. उरलेल्यात जंगूने तणनाशक मारलं. औषध छान लागलं, स्वस्तही पडलं. मात्र टोळीतली जिजाबाई बिनकामाची राहिली. ती बांधावरून जाताना दिसली की रुपा खाली मान घालून उगाच पदर झटकायची.

शेवटी तिनेच निकेशला गाठलं. “अंजूची जागा भरा. आमच्या पाठी मोडून राह्यल्या.”

“पगार तुमीच वाढवून घेतला न, ताई?”

“घेतला. अन तुमी म्हनत होते तेही थोडं खरं निघालं. पन चादरी तेवढ्याच हायेत, जिजाबाईले घ्या.”

निकेशने चार दिवस टोलवलं, मग घेतलं.

जिजाबाई बसमध्ये रुपाच्या शेजारी बसू लागली आणि रामबाई तणतणत ओट्यावर आली. “माह्या हातची बाई पळवली तू! आता बाया कमी हायेत. वेचणीले भाव आणखी वाढन, सांगून ठेवतो.”

जंगू पोट धरून हसला. रुपा चहाचं आधण ठेवायला आत गेली. वाद मोठा चालणार होता.