आरपार पाणी

२०२२ साली पांडबा सत्तावन्न वर्षांचा होता आणि पाळीवरून आला की चहाच्या आधी माझ्या ओटीवर उभा राहून पाण्याची बाटली उन्हात धरायचा. पांडबा माझा शेजारी. आता तो नाही. महाडच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांचं सांडपाणी धुऊन नदीत सोडतात, तिथं औषधं टाकायचं त्याचं काम. आधी ते पाणी काताच्या रंगाचं निघायचं. मग नवी यंत्रं आली, औषधं बदलली आणि पाणी नितळ निघायला लागलं.

"बघ दादा, आरपार. पलीकडचा माड दिसतोय."

"हातभट्टीचीबी आरपारच असते," मी म्हणायचो.

"तू नाय म्हणतच मरशील."

माणूस सरळ, पण आपल्या हातच्या कामावर भारी जीव. मुंबईत वॉचमनकी करणाऱ्या मुलाला त्यानं फोन केला, "ये रे महेश, नदी सुधारली. मळा परत लावू." महेश बायकोला घेऊन आला. नदीवर पंप बसला, वांगी-मिरची लागली. पांडबाच्या ओसाड घरात दुपारचं हसणं ऐकू यायला लागलं.

मी चौथी शिकलेला, पण पाण्याच्या बाबतीत कुणाचं ऐकणारा नव्हे. आमच्याकडं विहीर उपसली की नव्या पाण्यात मासा सोडतात. सकाळी तो फिरताना दिसला तरच हंडा बुडवायचा. वांगी फुलावर आली तेव्हा मी म्हटलं, "मासा सोडून दाखव. जगला तर तुझं पहिलं वांगं मी खाईन."

"खाशीलच," म्हणाला. कारखान्यांच्या वर, पोलादपूरकडच्या स्वच्छ पाण्यातले जिवंत मासे कळशीतून आणले, अंगणातल्या पिंपात ते धुतलेलं पाणी ओतलं आणि त्यात सोडले. सकाळी सगळे पोट वर करून तरंगत होते.

पांडबा न जेवता कामावर गेला. तिथं तपासणी करणाऱ्या बाईंनी जे सांगितलं ते त्यानं परत येऊन मला जसंच्या तसं सांगितलं. औषधानं रंग मोडतो, पण तेच औषध उरलेल्या घाणीशी मिळून नवंच विष तयार होतं. ते कुणी तपासत नाही, कारण तपासायला सांगितलेलंच नाही.

"मी म्हटलं, मग बंद करा. तर म्हणाल्या, काका, बंद केलं तर जुनं पाणी सुटेल, ते याहून वाईट."

माझं म्हणणं खरं ठरलं होतं. त्याचं करायचं काय, ते मला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी त्यानं स्वतः पंप उखडून काढला. महेशला म्हणाला, "जा पोरा, परत जा. हितं माझ्याच हातचं पाणी हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मुलाला आणि सुनेला मुंबईच्या गाडीत बसवलं, नाक्यावरूनच पाळीवर गेला आणि रोजच्या मापानं पाण्यात औषध सोडलं.