डावा पाय

बूटपॉलिशचा वास आला की अमेरिकेतल्या अल्फारेटा गावाजवळचा तो कंट्री म्युझिकचा कार्यक्रम आठवतो. तिथे एक म्हातारबुवा स्टील गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून लोखंडी कांडी सरकवत लोकांना रडवत होते. इतर वादक सूर वळवायला डाव्या पायाने पेडल दाबतात. यांच्या गिटारला पेडलच नव्हतं. केवढा हा जुन्या वळणाचा हट्ट, असं मी कौतुकाने आजूबाजूच्या सगळ्यांना सांगत होतो. कार्यक्रम संपल्यावर राहवेना, म्हणून वाकून त्यांच्या चकचकीत बुटांना हात लावला. "अहो, इथे कसले पाया पडताय!" बायको पुटपुटली. तेवढ्यात डाव्या घोट्याच्या जागी बोटांना थंडगार नळी लागली आणि मी हात झटकन मागे घेतला. "उजव्याला हात लाव," म्हातारबुवा हसत म्हणाले, "तो अजून माझा आहे." मी उजव्याला हात लावला की नाही, ते आजही काही केल्या आठवत नाही.