कांताबाईच्या वावरातला वर्ग

आमच्याकडे चांगला भाव येईपर्यंत कापूस घरातच साठवतात. पुढच्या खोलीत छताला टेकेल एवढा ढीग, आणि पाहुणा आला की त्यालाही ढिगालाच टेकून बसावं लागतं. फार दिवस ठेवला की अंगाला खाज सुटते. नांदुऱ्याच्या आमच्या ऑफिसात किस्से असेच साठलेत. आम्ही गावोगाव फिरून लोकांना त्यांचे हक्क सांगायचो, म्हणून लोक आम्हाला ‘हक्कवाले’ म्हणायचे. हक्क किती घरांत पोचले ते देव जाणे, किस्से मात्र क्विंटलनं जमले. आता मलाही खाज सुटली आहे, तेव्हा ऐकाच.

*

बी.टी. बियाण्याचा जोर होता तेव्हाची गोष्ट. पेरणीच्या आधी रोज एखादी जीप भोंगा लावून गावात यायची, नव्या वाणाचं गुणगान गायची आणि निघून जायची. नेमकी आमचीही जीपच, आणि भोंगाही. चालवायचे शकीलभाई. नावाला ड्रायव्हर, पण माझ्यापेक्षा त्यांचंच बोलणं लोकांना जास्त कळायचं.

वडनेर भोलजीच्या पलीकडे एक गाव आहे. तिथे मी चांगलं तासभर भाषण दिलं. वारसाहक्क, ग्रामसभा, माहितीचा अधिकार, काही सोडलं नाही. समोर बसलेल्या एका म्हातारबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “सारं ठीक हाय बाई. पन ह्या वाणाले फवारा किती लागते? मांगच्या जीपवाल्यानं लागतच नाही म्हनून सांगलं होतं.”

शकीलभाई जीपला टेकून उभे होते, ते तिथूनच म्हणाले, “आमचं बियाणं फुकट हाय बाबा. पन फवारनी ज्याची त्यानंच करा लागते, अन् दर साली.”

म्हातारबांनी मान डोलावली. “मंग हे खरं असन,” म्हणाले.

*

त्याच गावात बायकांचा वर्ग ठेवला होता. दुपारची वेळ, मारुतीच्या देवळासमोरचा सभामंडप, भिंतीला तक्ते लावलेले, आणि श्रोते म्हणाल तर एक शेळी. बायका कुठे आहेत म्हणून शोधत गेले, तर सगळ्या कापूस वेचायला वावरात. त्यांतल्या एकीनं, कांताबाईनं, पदरानं तोंड पुसत मला विचारलं, “कापूस फुटून राह्यला ताई. आमी कशा येऊ? तुमचा हक्क वावरात येत नाही काय?”

मग वर्ग वावरात गेला. माझ्याही कमरेला वेचलेला कापूस टाकायची ओटी बांधली गेली आणि मला एक पात मिळाली. पात म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याची ओळ. सगळ्या एका रेषेत पुढे सरकतात. कुणी मागं पडली की शेजारच्या दोघी तिची बोंडं वेचतात आणि तिला आपल्या बरोबरीला आणतात. माझ्या शेजारणींना त्या दिवशी फार काम पडलं. वर मी देऊळगाव राजाची. माझं जालन्याकडचं बोलणं ऐकून त्या हसायच्या ते वेगळंच.

पण खरी गंमत पुढे होती. माझा आवाज दोन-तीन पातींपलीकडे जात नव्हता. मी म्हटलं, नवरा गेला तर त्याच्या शेतावर बायकोचा हक्क, आणि मुलगा असो की मुलगी, दोघांचा सारखा. शेजारणीनं ते पुढच्या पातीला सांगितलं, तिनं त्यापुढच्या. हात न थांबवता ते वाक्य वावराच्या त्या टोकाला गेलं आणि थोड्या वेळानं त्याच वाटेनं एक सवाल परत आला.

“तिकडची म्हनते, मंग आपल्या कांताचं नाव काऊन नाही लागलं?”

सगळे हात थांबले. कांताबाई तेवढी वेचत राहिली.

*

कांताबाईची हकीकत अशी. कपाशीवर फवारा मारताना नवऱ्याला विष चढलं आणि तो वावरातच पडला, तो उठलाच नाही. भावाभावांच्या वाटण्या आधीच झालेल्या, वावर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर. पण कांताबाईला मुलगीच एक, मुलगा नाही. तेव्हा जेठ, म्हणजे थोरले दीर, म्हणाले, वावर मी पाहतो, तू वेचाले येत जा. म्हणजे आम्ही ज्या वावरात वर्ग घेत होतो ते तिचंच होतं, आणि ती तिथे मजुरीनं येत होती.

वारसाची नोंद करायला ती तलाठ्याकडे गेली, तेव्हा मी सोबत होते. तलाठी काही वाईट माणूस नव्हता. सवयीनं म्हणाला, “जेठाला घेऊन या, मग बघू.”

कांताबाई म्हणाली, “साहेब, नवरा माहा मेला. जेठाचा नाही.”

मी आजवर बरीच भाषणं दिली. या वाक्यापुढे ती सगळी फिकी आहेत.

*

तरी अर्ज हलेना. मी म्हटलं, वरती तक्रार करू. बायका म्हणाल्या, थांबा ताई, आमच्या रीतीनं पाहू. मग एके दिवशी तलाठी ऑफिसात पहिल्या पातीवरची बाई गेली, “कांताबाईच्या अर्जाचं काय झालं?” एवढं विचारून आली. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारची. मग तिच्या शेजारची. भांडण नाही, आवाज नाही, मजुरी एकीचीच बुडायची. शेवटी तलाठ्यानंच शकीलभाईंना रस्त्यात गाठलं आणि विचारलं, “ही ओळ संपते तरी कुठं?”

“संपत नसते साहेब,” शकीलभाई म्हणाले. “वावर संपलं की वापस फिरते.”

नोंद धरली गेली, नोटीस लागली आणि जेठांनी हरकत घेतली.

*

जेठांचा राग आमच्यावर होता. एकदा त्यांनी गावाच्या वेशीवर जीप अडवली. “आमच्या घराले आग लावून राह्यले तुम्ही,” म्हणाले. मी आत बसून घाबरलेली. शकीलभाई खाली उतरले.

“भाऊ, ही जीप सुरू होत नाही माह्यानं, आग काय लावतो? जरा धक्का मारता काय?”

जेठांनी क्षणभर जीपकडे पाहिलं, मग बाह्या वर केल्या आणि धक्का मारला. आमच्या भागात धक्क्याला कुणी नाही म्हणत नाही. मारताना शिव्या मात्र अखंड चालू होत्या. जीप सुरू झाल्यावर शकीलभाईंनी त्यांना मनापासून सलाम केला.

*

हरकतीवर मंडळ अधिकाऱ्यांनी सुनावणी घेतली. जेठांचं म्हणणं एकच, बाईमाणसाले वावर झेपत नाही. साहेबांनी सांगितलं की झेपतं की नाही हा सवालच नाही, वारस आहे तर नाव लागणार. मी सुटकेचा निःश्वास सोडला. पण बायका उठेनात. पातीच्या ओळीनंच त्या बसल्या होत्या.

पहिली म्हणाली, “साहेब, ऐकून तं घ्या. सरकीची टोबणी कांतानं केली, मी संगं होती.” दुसरी म्हणाली, “निंदन तिनं केलं, मी संगं होती.” तिसरीनं खताचं सांगितलं, चौथीनं वेचणीचं. एकीचं संपलं की दुसरीचं, कुणी कुणाच्या पुढे गेली नाही, कुणी मागं राहिली नाही. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि शेवटच्या बाईपर्यंत ऐकलं. मला रडू आलं, आणि त्याची लाज वाटली नाही.

*

नाव लागलं. पुढच्या हंगामात कापूस फुटला तेव्हा कांताबाईनं आम्हाला सीतादहीला बोलावलं. पहिल्या वेचणीआधी वावरात पूजा मांडतात आणि दहीभात शिंपडतात, ती सीतादही. ती करायची सवाष्णीनं. नवरा गेल्यापासून ती पूजा कांताबाईची थोरली जाऊ, म्हणजे त्या जेठांचीच बायको करायची आणि कांताबाई धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभी राहायची. या वर्षी कोण करणार, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती. सूर्य वर आला. बायका ओट्या बांधून नुसत्याच उभ्या.

तेवढ्यात धुऱ्यावरून जाऊबाई येताना दिसल्या. डोक्यावर पदर, हातात दहीभाताचं पातेलं. सरळ चालत त्या कांताबाईसमोर आल्या, पातेलं तिच्या हातात दिलं आणि मागं सरून धुऱ्यावर उभ्या राहिल्या.

कांताबाईनं पूजा केली, चारी कोपऱ्यांना दहीभात शिंपडला. मग बायका आपापल्या पातीवर गेल्या.

जाऊबाई अजून धुऱ्यावरच होत्या. त्यांनी कमरेची ओटी सोडून पुन्हा घट्ट बांधली आणि खाली पाहत विचारलं, “कांता, मले कोन्ती पात देतं?”

कांताबाईनं आपल्या शेजारची पात मोकळी केली.

“या इथं, बाई. मांगं राह्यल्या तं मी आहो.”