कडब्याच्या गंजीतला चाकू

नोकरीत खून आणि दरोडे पुष्कळ पाहिले, पण जुनी एखादी केस सांगा असं कुणी म्हटलं की मला आठवतो तो एक चाकू, ज्याने कुणाला ओरखडासुद्धा काढला नव्हता.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी शिरूर ठाण्यात उपनिरीक्षक होतो. शिक्रापूरच्या आसपास कारखाने उभे राहत होते आणि ज्याच्याकडे रस्त्याकडेची गुंठाभर जागा होती तो पत्र्याच्या खोल्या बांधून भाडेकरू शोधत होता. अशाच खोल्यांच्या एका बोळात, दिवेलागणीला लाईट गेलेली असताना, कारखान्याला मजूर पुरवणाऱ्या एका ठेकेदारावर कुणीतरी मागून चाकूने वार केला. वार खांद्याच्या हाडावर बसला म्हणून माणूस वाचला. हल्लेखोराचं तोंड त्याने पाहिलं नव्हतं. आम्ही कलम तीनशे सातचा, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल केला.

घटनास्थळाचा पंचनामा झाला. ठेकेदार पडला तिथे रक्त होतंच, शिवाय बोळाच्या दुसऱ्या टोकाकडे, हमरस्त्याच्या दिशेने, रक्ताचे थेंब गेलेले होते. पंचनाम्यात ते लिहिले गेले आणि पंचनाम्यातल्या बऱ्याच गोष्टींप्रमाणे तिथेच राहिले.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. ठेकेदाराचा मुकादम बोलत होता, म्हणजे मजुरांवर देखरेख ठेवणारा त्याचा खास माणूस.

"साहेब, आमच्या पॅकिंगला निमोण्याचा एक जण हाय. ठेकेदारासंगं गेटवर भांडला व्हता शिफ्टवरनं. दौंडवरनं चाकू आणलाय त्यानं. समद्यांनी बघितलाय, म्या बी बघितलाय. फकस्त माझं नाव येऊ देऊ नका."

माहिती देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायचं असतं. त्याने ती माहिती का दिली, हे मात्र स्वतःशी विचारायचं असतं. त्या दिवशी ते विचारायला कुणाला सवड नव्हती, कारण आमच्या वरिष्ठ साहेबांनी निकाल लावूनच टाकला होता.

मी आधी दौंडला गेलो. स्टेशनजवळच्या बाजारात हत्यारं, कुलपं, कात्र्या विकणारं एक जुनं दुकान होतं. दुकानदाराला गिऱ्हाईक लगेच आठवलं.

"त्यो व्हय? लई ताप दिला त्यानं. दर बाजाराला यायचा. एकेक चाकू उघडायचा, पात्याची पाठ लाकडाच्या ठोकळ्यावर दाबायचा. मिटला की म्हनायचा, न्हाई, ह्यो नगं. पातं धरून हलवून बघायचा, बिजागरी ढिली हाय का. हात वले करून मूठ धरून बघायचा, साहेब. म्हनलं, लगीन हाय का चाकू घ्यायचाय?"

"मग घेतला का?"

"शेवटी पुण्याहून एक मागवला. उघडला की खटका पडतो, आन् खटका दाबल्याबिगर मिटत न्हाई. मी इचारलं, कशाला एवढा भारी? तर म्हनला, रोज खिशात ठिवायला."

रोज खिशात ठेवायला. हे वाक्य मी साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी टेबलावर थाप मारली. माझाही संशय पक्का होत चालला होता. जो माणूस ओल्या हाताने मूठ धरून पाहतो, त्याच्या डोक्यात हात कशाने ओला होईल हे असणारच, असं पोलिसाला वाटतं.

निमोण्यात आम्ही त्याच्या घराची झडती घेतली. घर एके काळी मेंढपाळ असलेल्यांचं, आता शेतीवर स्थिरावलेलं. गोठ्यामागे कडब्याची गंज होती. तिच्या पोटातून फडक्यात आणि वर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चाकू निघाला. पंचांच्या सह्या झाल्या. त्याचा बाप, आबा, डोक्याला पटका बांधून ओट्यावर बसला होता. त्याने चाकूकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. मुलाचा चेहरा पांढरा पडला. अपराधी चेहरा कसा असतो याचे धडे प्रशिक्षणात देतात. हा त्या धड्यातलाच होता.

साहेबांनी त्याच दुपारी पत्रकारांना निरोप धाडले. चाकू ठेवायला पांढरं कापड आणवलं, त्याला इस्त्री करवली आणि आपली टोपीही झटकून घेतली. आरोपीने अजून काही कबूल केलं नव्हतं, पण कापड तयार होतं.

चौकशीला मी आणि आमचे हवालदार बसलो. हवालदार शिरूरच्या एका जुन्या मुसलमान घरातले. तालुक्यातल्या बहुतेक गावांतली नाती त्यांना तोंडपाठ होती.

"चाकू कशाला घेतलास?" मी विचारलं.

"जत्रंला, साहेब. बोकड कापायला."

हवालदार शांतपणे म्हणाले, "तुमच्या जत्रंचा बोकड कोन कापतो रं?"

त्याने दाराकडे पाहिलं.

"मुलाणी कापतो. आन् तुमच्याकडं येणारा मुलाणी माझा सख्खा चुलता हाय. स्वतःची सुरी घिऊन येतो, दुसऱ्याच्या हत्याराला हात लावत न्हाई. तू कवापासनं त्याच्या पोटावर पाय द्यायला लागला?"

आमच्या भागात हिंदू घरचा बोकडसुद्धा मुलाणीच कापतो, हे गावातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. इतकं उघडं खोटं सराईत गुन्हेगार बोलत नाही. ते दोनच प्रकारची माणसं बोलतात, मूर्ख किंवा भेदरलेली. हा मूर्ख नव्हता. मग भेदरला कुणाला? आम्हाला, असं धरून चाललो तर त्याने आमच्याकडे पाहायला हवं होतं. तो सारखा दाराकडे पाहत होता. दाराबाहेर ठाण्याच्या व्हरांड्यात, बाकावर आबा बसला होता.

मी हवालदारांना म्हटलं, आबांना समोर चहाला घेऊन जा आणि सावकाश या.

आबा दृष्टीआड झाला तसा हा बोलायला लागला.

"साहेब, आबास्नी कळलं न्हाई पायजे."

"आता काय कळायचं राहिलंय? त्यांच्या डोळ्यांदेखत गंजीतनं चाकू काढला."

"त्यो तुम्ही हत्यार म्हनून काढला. म्या इकत घेतला, हे त्यास्नी ठावं न्हाई."

खुनाच्या प्रयत्नाचा आरोप चालेल, पण चाकू विकत घेतल्याचं बापाला कळता कामा नये, असं म्हणणारा आरोपी मला पुन्हा भेटला नाही. मी त्याला पाणी दिलं आणि सविस्तर सांगायला लावलं.

त्यांच्या घरात चाकू एकच. आजोबांचा. मेंढरं हिंडवत होते तेव्हापासूनचा. तो आबाच्या कमरेला. मेंढरांची खुरं तासायची असोत की दोर कापायचा असो, आबाकडे मागायचा, वापरायचा, पुसून परत द्यायचा. आबा थकला की तो थोरल्याकडे जाणार. बाप हयात असताना मुलाने आपला चाकू आणला, तर त्याचा त्या घरात एकच अर्थ, मुलगा वेगळा निघणार. चुलत्याने तसंच केलं होतं. आधी चाकू आणला, मग चूल मांडली.

"मग घेतलास कशाला?"

"कंपनीत मशीन बसवायला बाहेरचा इंजिनिअर आलता. त्याच्या खिशात तसला चाकू. खोक्याची पट्टी कापायची, मिटायचा, खिशात. लई आवाज ग्वाड यायचा, साहेब." जरा थांबून तो म्हणाला, "आपल्यापाशी एक तरी चांगली वस्तू असावी वाटलं. आपल्या पसंतीची."

हे ऐकून मी विरघळलो वगैरे नाही. असल्या कहाण्या ठाण्यात रोज येतात आणि काही तर यापेक्षा चांगल्या रचलेल्या असतात. मी मुद्देमालाचं पाकीट पंचांसमोर उघडलं आणि चाकू पाहिला. बिजागरीत नवं तेल तसंच होतं. पातं उघडून मी त्याची पाठ टेबलाच्या कडेवर सगळा भार देऊन दाबली. ते मिटलं नाही. खटका घट्ट बसला होता.

तेव्हा मला बोळातले थेंब आठवले.

ठेकेदार पडला तिथेच पडून राहिला होता. म्हणजे रस्त्याकडे गेलेलं रक्त त्याचं नव्हतं, मारणाऱ्याचं होतं. मारणाऱ्याला कशाने लागेल? वार हाडावर बसला. बिनखटक्याचा चाकू हाडावर आपटला की मिटतो, आणि मिटताना मूठ धरलेल्या बोटांवर येतो. मी निमोण्याच्या माणसाला दोन्ही हात पुढे करायला सांगितलं. पॅकिंगच्या कामाने रापलेले हात. कापल्याची एक खूण नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही रस्त्यावरचे दवाखाने पालथे घातले. कोरेगाव भीमाच्या एका डॉक्टरांना पेशंट आठवला. उजव्या हाताची चारही बोटं आतल्या बाजूने एका रेषेत कापलेली. कडबाकुट्टीत, म्हणजे चारा तोडायच्या यंत्रात, हात गेला म्हणाला होता.

"मी म्हटलं, नशीबवान आहात," डॉक्टर म्हणाले. "कडबाकुट्टी बोटं ठेवत नाही."

त्यांनी सांगितलेलं वर्णन कारखान्यातल्या मजुरांना ऐकवलं, तर ते मुकादमाचं निघालं. मालक दवाखान्यात पडलेला असताना हा ठाण्यात न येता फोनवर का बोलला, तेही आता कळलं. त्याच्या भाड्याच्या खोलीत आम्ही गेलो. तिथे बैल नव्हता, शेळी नव्हती, कडब्याची एक पेंडी नव्हती. मुकादमाच्या हाताला पट्टी मात्र होती.

"कडबाकुट्टी कुठाय?" हवालदारांनी विचारलं.

मुकादमाने पट्टीचा हात मागे लपवला, आणि मग सगळं कबूल केलं.

ठेकेदार त्याला काढून आपल्या भाच्याला मुकादम करणार होता. निमोण्याच्या कामगाराने हौसेने चाकू सगळ्यांना दाखवला, तेव्हा याला युक्ती सुचली. आपणही चाकू घ्यायचा आणि संशय जिथे आयता बसेल तिथे बसू द्यायचा. स्कूटरच्या डिकीतून त्याचा चाकू निघाला. आठवडे बाजारातला, पितळी मूठ, पात्यावर वाघ कोरलेला. दिसायला दांडगा, आणि बिजागरी अशी की हातात धरला तरी पातं लटलट हलत होतं. वाघ बघून घेतला होता, दाबून बघितला नव्हता.

पत्रकार परिषद ठरल्याप्रमाणे झाली. कापड तेच, चाकू दुसरा. आपल्याला पहिल्यापासून मुकादमाचाच संशय होता, असं साहेबांनी सांगितलं आणि ते छापूनही आलं.

निमोण्याच्या माणसाला सोडताना मी आबाला आत बोलावलं. तुमचा मुलगा निर्दोष आहे, त्याने काही केलेलं नाही, असं नीट समजावून सांगितलं. मला वाटलं, म्हातारा हात जोडेल. आबाने मान हलवली आणि मुलाला विचारलं,

"मंग गंजीत का लपिवला? येगळं निघायचंय?"

मुलगा रडायला लागला. कोठडीत तो रडला नव्हता.

"न्हाई आबा."

"मंग?"

"आवडला म्हनून घेतला."

आबाने डोक्यावरचा पटका सोडून पुन्हा बांधला. आवडला म्हणून घेणं, हे कारण त्याला कधी लागलंच नसावं.

कोर्टाच्या हुकमाने चाकू परत द्यायचा दिवस आला तेव्हा दोघेही आले. मुलाने सही केली, पण चाकूला हात लावेना. तो टेबलावर तसाच पडून. शेवटी आबाने उचलला. उघडला. पात्याची पाठ अंगठ्याने दाबली, खटका दाबून मिटवला, पुन्हा उघडला. मग मिटवून मुलाच्या खिशात घातला.

"चूल एकच ऱ्हाईल," तो म्हणाला.

"व्हय आबा."

लपवलेली वस्तू सापडली की ती आपल्यापासूनच लपवली होती असं पोलीस गृहीत धरतो. हा आमच्या खात्याचा अहंकार आहे. त्यानंतर कुठेही काही दडवलेलं हाती लागलं, की आरोपीला प्रश्न करण्याआधी मी घरात कोण कोण राहतं ते विचारत असे.